उसन्या पेल्यातला पाऊस

मला त्या काळी चष्म्याची काहीएक गरज नव्हती. बारामतीच्या स्टँडवर या टोकाला उभी राहून त्या टोकाच्या एसटीची पाटी वाचायची, अशी नजर. तरी मी चष्मा लावायची. साध्या काचेचा, जाड काळ्या काडीचा. संगणकाच्या खोलीत बसणाऱ्या बाईला चष्मा हवाच, असं मला मनापासून वाटायचं. आता खरा लागलाय, तर तो दिवसभर हरवलेला असतो आणि नात तो माझ्याच डोक्यावरून उचलून माझ्या हातात देते.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी बारामतीच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत होते. माहेर-सासर दोन्हीकडं मिळून महिन्याच्या पगारावर सही करणारी पहिली बाई मीच, त्यामुळं डोक्यात वारं भरपूर. आजेसासऱ्यांनी छप्पन सालानंतर धम्म घेतला तेव्हा घरातला देव्हारा गेला होता. त्याचा कोनाडा तेवढा रिकामा राहिला होता. कॉलेजात संगणक आला आणि मी त्याला मनातल्या मनात त्या कोनाड्यात नेऊन बसवलं. खोलीबाहेर चपला काढायच्या, आत हळू बोलायचं. जुन्या इरकली लुगड्याच्या काठाचं मी त्याला पांघरूण शिवलं होतं. संध्याकाळी ते घालताना मी त्याला चक्क थोपटायची. हे कुणी पाहिलं नाही असं मी समजत होते, पण शिपायानं ते सगळ्या कॉलेजला सांगून टाकलं होतं.

याच खोलीत पुण्याहून एक शास्त्रज्ञ यायला लागले. उंच, सडपातळ, शर्टाच्या खिशाला कायम शाईचा डाग. त्यांना आम्ही सगळे नुसतं सर म्हणायचो. पृथ्वीची हवा तापत चालली आहे, तर पुढच्या तीस-चाळीस वर्षांत आपल्याकडचा पाऊस कसा होईल, याचा अदमास त्यांना काढायचा होता. परदेशातल्या मोठमोठ्या संगणकांवर साऱ्या पृथ्वीच्या हवेचं गणित मांडलेलं असायचं, त्याला ते मॉडेल म्हणायचे. पण त्या गणितात पृथ्वीवर चौकटी पाडलेल्या, आणि एकेक चौकट एवढी मोठी की महाबळेश्वरचा घाट आणि इंदापूरचं माळरान एकाच घरात. भिजून चिंब झालेल्याला आणि थेंबासाठी वर बघणाऱ्याला मिळून एकच छत्री! ती चौकट फोडून गावागावाचा हिशोब लावायचा तर गावागावाचा आजवर पडलेला पाऊस संगणकात भरायला हवा होता. ते काम माझ्याकडं आलं.

हा खटाटोप नुसत्या हौसेचा नव्हता. बारामती आणि इंदापूर दोन्ही तालुक्यांच्या कोरड्या पट्ट्यात कुठल्या गावांना आधी पाझर तलाव द्यायचे, हे सरकारी बैठकीत ठरायचं होतं, आणि या खेपेला साहेब लोकांनी आमचा नकाशा मागवला होता. ज्या गावाचं पुढचं दिवसमान जास्त कोरडं, त्याचा नंबर आधी.

सर मला पुन्हा पुन्हा बजावायचे, "बाई, हे भविष्य नव्हे. असं असं झालं तर तसं तसं होईल, एवढंच हे सांगतं. आणि आपण जे भरू त्यावरच सांगतं."

मी चष्मा सावरून मान हलवायची आणि खोलीबाहेर पडले की भेटेल त्याला सांगायची, "आमच्या संगणकानं दोन हजार चाळीसपर्यंतचं भविष्य काढलंय."

माझं सासर कऱ्हाटीच्या अंगाला, जिरायती भागात. गावाचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं अजून माझ्याकडं चहाला येतात, आणि मला ती यायला हवी आहेत. तिथं माझ्या सासूबाई राहायच्या. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात. ओढ्याकाठी आमचं थोडं रान होतं, त्यात आत्यांनी हट्टानं डाळिंबाची रोपं लावली होती. विहीर संक्रांतीला तळ दाखवायची. मग ओढ्याच्या वाळूत पाण्यासाठी झिरा खणायचा, वाटीवाटीनं हंडा भरायचा आणि एकेका रोपाला नेऊन घालायचा, हा आत्यांचा उद्योग. ओढ्याच्या वरच्या अंगाला पाझर तलाव झाला तर विहिरीला उन्हाळाभर पाणी राहील, असं सगळं गाव म्हणत होतं. आत्या तर तलाव झाल्यातच जमा धरून चालल्या होत्या. सून कॉम्प्युटरात हाय म्हटल्यावर तलाव कुठं जातोय?

नकाशा छापून आला तो काळापांढरा, कडेला भोकं असलेल्या लांब कागदावर. रंग भरायचं काम माझं. कोरडं होत जाणारं गाव तांबडं, ठीकठाक ते पिवळं, पाऊस वाढणारं ते हिरवं. दोन्ही तालुक्यांत हिरवं असं एकच गाव निघालं, आणि ते माझं सासर! गेल्या काही वर्षांत तिथला पाऊस असा चढत गेला होता की मॉडेलनं तो चढ तसाच पुढं नेला. दोन हजार चाळीसमध्ये आमच्या माळावर धुकं उतरणार, एवढंच म्हणायचं त्यानं बाकी ठेवलं होतं.

सरांनी त्या गावाभोवती पेन्सिलीनं गोल काढला. "इथं एकदम एवढी वाढ कशी? एकदा जाऊन यंत्र बघून येता का?"

"सर, ते माझं सासर आहे," मी म्हणाले. "मला तिथली खडान्‌खडा माहिती आहे. तिथलं स्थानिक हवामानच वेगळं आहे."

स्थानिक हवामान हा शब्द मी त्याच आठवड्यात शिकले होते. सासरची खडान्‌खडा माहिती म्हणजे आत्या भाकरी कधी टाकतात आणि परतीची एसटी किती वाजता, एवढीच. पण सरांनी विश्वास ठेवला, आणि मी जीभ दातात धरून, रेषेच्या बाहेर जाऊ न देता, त्या गावावर छान हिरवा रंग भरला.

पुढच्या रविवारी नकाशाची गुंडाळी घेऊन मी गावाला गेले. आत्या ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. मी गुंडाळी उलगडली आणि वर्गात शिकवते त्या आवाजात सांगितलं, "आत्या, आपल्या गावाचं भविष्य हिरवं आहे."

"तलाव मंजूर झाला?"

"तलाव नाही. पाऊस वाढणार आहे. म्हणून तर तलावाच्या यादीत आपलं नाव खाली गेलंय. गरजच नाही ना आता."

आत्यांनी शेंग फोडायची थांबवली. "कवा वाढनार?"

"दोन हजार चाळीसपर्यंत."

"बरं. मंग तवर मी हंडा डोक्यावर घिऊन हितंच बसती. चाळीस साल आलं की हाक मार."

"आत्या, हे शास्त्र आहे."

"आसंल की. कुनी बशीवलं ते शास्त्र? पाटाखालच्या ऊसवाल्यांनी. त्यांनी त्या डब्याला काय तरी चारलं आसनार. तू भोळी, तुला काय कळतंय!"

संगणकाला लाच देता येत नाही, हे मी त्यांना बराच वेळ समजावत होते. त्यांचं म्हणणं, जगात असं काही नसतंच. दोघीही आपापल्या जागी ठाम आणि दोघीही चूक. शेवटी मी म्हणाले, "उद्या सकाळी माझ्याबरोबर शाळेत चला. पाऊस मोजतात तो दाखवते. डोळ्यांनी बघा."

"तूच जा. मला रोपांला पानी घालायचंय. चाळीस सालाच्या आत मरतील ती."

शाळेच्या आवारात पर्जन्यमापक होतं. गावकरी त्याला पावसाची टाकी म्हणायचे. जमिनीत रोवलेलं, वर नरसाळं, आत पाणी साठायची बाटली. ते सांभाळायचे शाळेचे गुरुजी. माणूस काटेकोर. रोज साडेआठच्या ठोक्याला टोपी घालून यायचे, सलामी द्यावी तसे यंत्रापुढं उभे राहायचे आणि बाटलीतलं पाणी खुणांच्या काचेच्या पेल्यात ओतून आकडा वाचायचे. मला बघून ते खुलले.

"या बाई! बघा आपल्या गावचा पाऊस. वाढतोय का न्हाय?"

"वाढतोय, गुरुजी. आमच्या संगणकानंही तेच सांगितलं."

"सांगनारच! ही बघा." त्यांनी आवाराभोवतीची कडुलिंबाची झाडं दाखवली. "मी लावली. ती जीव धरायला लागली आन्‌ पावसानं उचल खाल्ली. पंधरा ऑगस्टच्या भाषनात मी हेच सांगतो. झाड लावा, पाऊस येतो. गाव टाळ्या वाजवतं."

रात्री भुरभुर झाली होती. गुरुजींनी पाणी पेल्यात ओतलं आणि पेला वर धरला. मला लगेच शिकवायची हुक्की आली. "असा वर नाही, गुरुजी. डोळ्याच्या रेषेत धरायचा." मी पेला घेतला, डोळ्यांसमोर धरला, तर काही दिसेना. एसटीच्या धुळीनं चष्मा पार माखलेला. इकडं तिकडं बघितलं, गुरुजी पाणी आणायला वळले आहेत असं बघून चष्मा काढला, आणि मग सगळं लख्ख दिसलं. पेल्याच्या बुडाशी बारीक अक्षरात कोरलं होतं की हा पेला शंभर चौरस सेंटिमीटर तोंडाच्या नरसाळ्यासाठी आहे. समोरच्या यंत्राच्या अंगावर ठळक लिहिलं होतं, दोनशे.

ज्यांनी कधी पाऊस मोजला नाही त्यांच्यासाठी सांगते. यंत्रं दोन मापांची असतात, मोठ्या तोंडाची आणि लहान तोंडाची. पाऊस तोच, पण मोठ्या तोंडात दुप्पट पाणी जमतं. म्हणून प्रत्येकाचा पेला वेगळा, त्याच्यावरच्या खुणा वेगळ्या. मोठ्या यंत्रातलं पाणी लहान यंत्राच्या पेल्यात ओतलं, की तेवढाच पाऊस दुप्पट दिसतो.

"गुरुजी, हा पेला ह्या यंत्राचा आहे?"

"न्हाय न्हाय. मूळचा फुटला. हिनं चहाच्या भांड्यांबरूबर राखंनं घासायला घेतला. वरती कळवलं, पर नवीन काय आला न्हाय. मग म्हनलं पावसाची नोंद का बुडवायची? माझी बहीन वडगाव निंबाळकरला दिलीया. मेव्हन्याला उसाच्या मळ्यात पाऊस मोजायची हौस. त्यांच्यापाशी पेला जादाचा हुता. आनला उसना."

आमच्याकडं उसनं आणण्यात कुणाला काही वाटत नाही. विरजण उसनं, बैलजोडी उसनी, लग्नातली पातेली उसनी. मग पावसाचा पेला उसना आणला तर काय बिघडलं? पेला म्हणजे पेला! कॉलेजात मीसुद्धा शेजारच्या विभागाची फूटपट्टी आणायचीच की. फरक एवढाच, की फूटपट्टी सगळीकडं सारखी असते.

"कधी फुटला तो?"

"झाली की वर्सं. झाडं लावली ना मी, त्याच सालात."

मी कट्ट्यावर बसले. गुरुजींना हळूहळू समजावलं. त्यांनी पेल्याकडं बघितलं, मग झाडांकडं. "म्हंजी," ते म्हणाले, "झाडांनी काईच न्हाय क्येलं?"

त्यांचा चेहरा असा उतरला होता की माझा स्वतःचा अपमान मी घटकाभर विसरले. "सावली दिली की, गुरुजी," मी म्हणाले. "भाषणात सावलीचं सांगा."

त्या दुपारी मी आत्यांना काही बोलले नाही. तसं मला बोलताही आलं नसतं, कारण त्या हंडा घेऊन समोरून गेल्या आणि जाताना विचारलं, "बघितलास पाऊस? किती वाढलाय?"

बारामतीला येऊन पुण्याला फोन लावला. सर एवढे हसले की मी रिसीव्हर कानापासून लांब धरला. नंतर म्हणाले, "बैठक गुरुवारी आहे, इंदापूरला. यादीवर तिथंच शिक्का बसणार. गणित परत करायला तेवढा वेळ नाही. तुम्हालाच उभं राहून सांगावं लागेल."

खरी पंचाईत तिथंच होती. त्यातल्या त्यात कोरड्या गावांत आमच्या गावाचं नाव वर घ्या, असं सांगणार कोण, तर त्याच गावची सून. लोक काय म्हणणार ते मला बसल्या जागी ऐकू येत होतं. बोलले नाही तर तलाव गेला आणि आत्यांची डाळिंबं गेली. बोलले तर संगणकवाल्या बाईनं सासरसाठी आकडे फिरवले, हे दोन्ही तालुक्यांत झालं. आणि एकदा तसं झालं की नकाशाला कोण विचारणार?

"तोंडी सांगूच नका," सर म्हणाले. "यंत्र घेऊन या. मोठ्या मापाचा खरा पेला मी पुण्याहून आणतो."

गुरुवारी मी शाळेतलं मोठं यंत्र उकरून घेऊन गावाहून निघाले. गुरुजींनी वडगाव निंबाळकरहून मेव्हण्याचं लहान यंत्र आणून दिलं. आता पेल्याबरोबर यंत्रही उसनं. आणि आत्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. "यवढं वझं एकटी कशी नेशील?" म्हणून त्या आल्या. एसटीत दोघींच्या मांडीवर दोन नरसाळी बघून कंडक्टर म्हणाला, "आत्याबाई, ह्यांचं हाफ तिकीट पडंल."

"मांडीवरच्याला तिकीट अस्तं का रं?" आत्यांनी त्याला गप्प केलं.

इंदापूरच्या सभागृहात गावोगावची माणसं दाटीनं बसली होती. व्यासपीठावर बैठकीचे साहेब, शेजारी आमचे सर, भिंतीवर माझ्या हातचा रंगीत नकाशा. माझा नंबर आला. मी उभी राहिले, चष्मा लावला, आणि म्हणाले की नकाशावरचं हिरवं गाव चुकीचं आहे.

मागून एक खणखणीत आवाज आला. "कोन गाव म्हनायचं ते, बाई?"

ते निरवांगीचे एक म्हातारे होते. सगळे त्यांना आबा म्हणत होते. मी गावाचं नाव सांगितलं.

"आन्‌ सासर कुठलं?"

मी तेच नाव परत सांगितलं.

सभागृह हसून हसून लोळायचं बाकी राहिलं. आबा म्हणाले, "बाई, सासरच्या पान्याला लई जोर आलाय तुमच्या! आमाला बी आसली सून बघा की कुनी तरी!"

मी पेल्याचं समजावायला लागले, चौरस सेंटिमीटर, नरसाळ्याचं क्षेत्रफळ, आणि माणसं जांभया द्यायला लागली. तेव्हा सर उठले आणि म्हणाले, "साहेब, जरा अंगणात चलता का?"

अंगणात बागेला पाणी घालायची झारी होती. दोन्ही यंत्रं शेजारी शेजारी मांडली. दोन्हींवर सारखा पाऊस पाडायचा, मग मोजायचं. झारी कुणी धरायची? मी वळायच्या आत आत्यांनी पदर खोचून ती उचलली होती. नव्या इस्त्रीचे कपडे घातलेले साहेब दोन पावलं मागं सरले. आत्यांनी पाऊस पाडला. मी दोन्हींचं पाणी आपापल्या खऱ्या पेल्यात मोजलं. आकडा सारखा यायला हवा होता. मोठ्या यंत्राचा चांगला दीडपट जास्त आला.

"बघा!" आबा ओरडले. "ह्यांच्या गावात पाऊस जास्तच पडतोय!"

परत हशा. सर खाली वाकून यंत्र तपासत होते. मी आत्यांकडं बघितलं, तर त्या दुसरीकडंच बघत होत्या.

"आत्या," मी दबक्या आवाजात विचारलं, "सारखं टाकलंत ना?"

"सारकंच की."

"आत्या."

"आगं, आपल्या गावच्या भांड्यात जरा जास्त पडलं तर काय बिघडलं? यरवी कवा पडतंय!"

हे दबक्या आवाजात नव्हतं. आत्यांना दबका आवाज नव्हताच. सगळ्या अंगणानं ते ऐकलं, आणि या वेळचं हसणं वेगळं होतं. आबांना तर ठसकाच लागला. डोळे पुसत ते पुढं आले आणि आत्यांच्या हातातून झारी घेतली. "आना हिकडं. मी निरवांगीचा. मला तुमच्या दोन्ही भांड्यांशी देनंघेनं न्हाय."

आबांनी पाऊस पाडला तो बघण्यासारखा. गोल गोल फिरवत, या यंत्रावर एक फेरा, त्या यंत्रावर एक फेरा, तोंडानं मोजत. मी आपापल्या पेल्यात मोजलं. अगदी जुळले. मग मोठ्या यंत्राचं तेच पाणी मी उसन्या पेल्यात ओतलं. तो काठोकाठ भरला, आणि अर्धं पाणी बाटलीत तसंच राहिलं.

कुणी हसलं नाही. आबांनी पेला हातात घेऊन उन्हात धरला. "म्हंजी ह्यो पेला आमच्याकडं आला आसता," ते म्हणाले, "तर ऐन दुष्काळात आमच्याबी गावाला पूर दिसला आसता."

साहेब मात्र वैतागले होते. "बाई, म्हणजे तुमच्या संगणकाचं सगळंच असलं का? मग हा नकाशा कशाला? काढून टाकू भिंतीवरून आणि पूर्वी निवडत होतो तशीच गावं निवडू."

मला आजही नवल वाटतं की तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटले. चष्मा कधी काढला होता तेही आठवत नाही. मी म्हणाले, "साहेब, संगणकानं गणित बरोबर केलं. त्याला खोटा पाऊस मी भरवला. सरांनी बघून या म्हटलं होतं, मी घरबसल्या मान हलवली. पूर्वीच्या पद्धतीत ज्याचा आवाज मोठा त्याचा तलाव व्हायचा. नकाशाला आवाज नाही, म्हणून तर तो बरा. फक्त शिक्का मारायच्या आधी गावोगावचे पेले बघा."

"आवाज तर माझाबी मोठा हाय," आत्या मागून म्हणाल्या, "पर मला कुठं तलाव दिला कुनी?"

शिक्का त्या दिवशी मारला गेला नाही. आधी यंत्रं तपासा, मग गणित परत करा, मग यादी, असं ठरलं. पुढचा महिनाभर मी गावोगाव हिंडले. कुठं यंत्र बाभळीच्या सावलीत होतं, कुठं नरसाळ्यात चिमणीनं घर केलं होतं. निरवांगीकडं गेले तेव्हा आबांनी जेवायला बसवलं आणि भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवत विचारलं, "सासू न्हाय आनली?"

गणित परत झालं. मी त्याच नकाशावर हिरव्यावर तांबडा रंग भरला. हिरव्यावर तांबडा चढवला की मातकट रंग येतो. तो आमच्या माळाला जास्त शोभला. यादीत आमचं गाव शेवटाजवळ होतं, पण होतं. तलाव यायला दोन-अडीच वर्षं गेली आणि त्या काळात आत्यांनी मला दर भेटीत ऐकवलं.

त्या दुरुस्त मॉडेलनं आणखी एक सांगितलं होतं. पावसाचे दिवस कमी होतील, पण पडेल तेव्हा धो धो पडेल. सरांनी हट्ट धरून तलावाचा सांडवा, म्हणजे जादा पाणी निघून जायची वाट, रुंद ठेवायला लावला. गाव कितीतरी वर्षं त्या सांडव्याला हसलं. यवढी रुंद वाट कुनाच्या वरातीला, म्हणून. मग एका साली एका रात्रीत एवढं पाणी कोसळलं की तो सांडवा काठोकाठ वाहिला आणि बांध जागचा हलला नाही. सकाळी सगळं गाव बघायला गेलं. मीही गेले. गुरुजींनी सांडव्याकडं बघून टोपी नीट केली.

पेल्याचं सांगायचं राहिलं. बैठक झाल्यावर मी तो गुरुजींच्या मेव्हण्याला परत द्यायला निघाले, तर आत्यांनी माझ्या हातातून काढून घेतला.

"रिकामा द्येनार?"

उसनं आणलेलं भांडं आमच्याकडं रिकामं परत करत नाहीत. साखर घाला, दाणे घाला, काही नाही तर चिमूटभर मीठ घाला. मी साखर घालते म्हटलं. आत्यांनी मान हलवली आणि पेला फळीवर ठेवून दिला. तिथं तो राहिला, तलाव होईपर्यंत, आणि तलावानंतरचा पहिला उन्हाळा विहिरीत पाणी धरून निघेपर्यंत. मेव्हण्यांनी कधी मागितला नाही. बायकोच्या माहेरी दिलेली वस्तू परत मागायची म्हणजे घरात भांडण.

डाळिंबाला पहिला बहर धरला त्या साली आत्यांनी पेला उतरवला, धुतला, राखेनं नव्हे, आणि एक मोठं फळ फोडून मला दाणे भरायला बसवलं. मी भरत भरत वरच्या खुणेपर्यंत आणले आणि थांबले.

"झाला की भरून," मी म्हणाले.

आत्यांनी पेला माझ्या हातातून घेतला, बोटांनी दाणे हलकेच दाबले आणि वरून आणखी मूठभर दाणे ओतले.

"भर अजून. हितं जास्त दिसलं तरी चालतंय."